पोरगी नवीन आहे, साहेब

धानोऱ्याकडच्या एका वनोपज सोसायटीत नाहीद हिशेबनीस म्हणून लागली, त्याला वर्ष होत आलं होतं. तरी खिडकीशी येऊन कोणी तिला काही विचारलं, की पलीकडच्या टेबलावरून देवाजीभाऊंचा आवाज यायचाच, "इकडे या बावा, पोरगी नवीन आहे." देवाजीभाऊ तिथले जुने हिशेबनीस. माणूस मायाळू, पण त्या मायेत नाहीदचा जीव घुसमटायचा.

"भाऊ, म्हातारी झाली तरी मी नवीनच राहीन का?"

"जुन्या माणसाले शिव्या पडते. त्या खायची एवढी घाई काऊन वं तुले?" भाऊ हसून म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात मोहफुलांची खरेदी संपली आणि गडचिरोलीहून ऑडिटवाले साहेब आले. माल तोलून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. वहीत फुलं जास्त होती, गोदामात कमी. गोदाम सांभाळणाऱ्या लालसूचा चेहराच उतरला.

नाहीदने पानं उलटली आणि तिचे कान तापले. एका बाजारच्या दिवशीचा सगळा माल तिने पोत्यासकट वहीत चढवला होता. पोत्यांचं वजन वजा करायचं राहूनच गेलं होतं.

भाऊंच्याही ते ध्यानात आलं. ते लगबगीने उठले. "साहेब, पोरगी नवीन आहे. सोडून द्या."

साहेबांनी मान डोलावली. नाहीद गप्प बसली असती तर तेवढ्यावर भागलं असतं.

"नाई साहेब, नवीन नाई मी," ती म्हणाली. "वजा कराचं काम माहं होतं. मीच विसरली."

"मग शेरा तुमच्या नावावर पडेल."

"पडू द्या."

भाऊ कडाडले, "पोतं काय हवेत तरंगते का वं? डोळे कुठी ठेवले होते?"

वर्षभरात ते पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले. लालसूने तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. नाहीदला खरं तर रडू यायला हवं होतं. पण ओसरीवर ताटकळलेल्या पाहुणीला कोणी घरात बोलावून कामाला लावावं, तसं तिला मोकळं वाटलं.

साहेबांनी दुसरी वही ओढली. "हिरड्याचं कोण सांगेल?"

नाहीदने सवयीने भाऊंकडे बघितलं. भाऊ डबा उघडून भातात वरण कालवत होते.

"माह्याकडे काऊन पाहून राह्यलीस? साहेब तुले विचारून राह्यले. ऑडिटच्या दिवशी मले कधी वेळेवर जेवाले भेटलं नाई. आज जेवू दे."

भूक नाहीदलाही लागली होती. तिने खुर्ची साहेबांच्या टेबलाशी सरकवली.

"विचारा साहेब," ती म्हणाली.