न जळालेला कर्णा

मित्रांनो, राष्ट्राला जागं ठेवण्याचं महान कार्य मी केलं आहे. मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे आणि सध्या माझ्यात कांदे ठेवतात.

माझा जन्म १९८३ साली डोंबिवलीच्या एका कारखान्यात झाला. कळव्याच्या देवराम साउंडवाल्यांनी मला विकत आणलं. खाडीकाठच्या कोळीवाड्यात मी हळदीची गाणी वाजवली, पोलिओचे डोस पुकारले, हरवलेली पोरं आयांना मिळवून दिली. "काय खणखणीत आवाज!" असं लोक म्हणत. मी पत्रा असून फुगत असे.

मग नव्व्याण्णवचं युद्ध आलं. कोळीवाड्यातल्या सगुणाबाईंचा मुलगा धाकू फौजेत, सरहद्दीवर होता, म्हणून मंडळाच्या पोरांनी मला मानाने त्यांच्या दारासमोरच्या खांबावर चढवलं. सकाळी सहापासून रणगीतं, मध्येच रेडिओच्या बातम्या. बातम्यांआधी मी जरा खरखरायचो. तेवढ्यानेच बाईंच्या हातातली मासळी खाली पडायची. त्यांचं जेवण सुटलं, झोप उडाली.

अकराव्या दिवशी मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि मी.

"वीरमाता सगुणाबाई!" मी गरजलो.

बाईंनी शाल घालणाऱ्या पोराचा हात धरला. "मेल्यांनो, काय झाला रं माझे धाकूला?"

"काय नाय काकी, मजेत आहे तो," अध्यक्ष मारुती म्हणाला. "आम्ही आधीच उरकून घेतोय. नंतर मंत्रीबिंत्री येतात, आपल्याला कुठे चान्स मिळतो?"

देवरामांनी पुढे होऊन माझी वायर उपटली. "जळला."

"अरे देवरामभाऊ, आत्ता तर वाजत होता!"

"जळला म्हटलं ना! पार्ट मिळत नाही. पंधरा दिवस तरी लागतील."

मित्रांनो, मी मुळीच जळालो नव्हतो. सोळा वर्षांच्या सेवेत इतका अपमान कधी झाला नव्हता. पण मी मोठ्या मनाने गप्प राहिलो. वायरीशिवाय मला दुसरं काही जमतही नाही.

त्या दुपारी बाई कालवणभात जेवल्या आणि सत्काराची शाल उशाला घेऊन उंबऱ्याशीच झोपल्या. देवराम खांबाखाली स्टूल टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हातानेच गप्प करत राहिले. धाकूचं खुशालीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. तोवर बाईंना जगायचं तर होतंच.

देशावर प्रेम जरूर करा. माझं पोट त्यावरच चाललं. पण जिचं लेकरू तिकडे आहे तिला विचारा, आवाज किती ठेवू? तेही जमत नसेल, तर निदान दुपारी दोन ते चार बंद ठेवा. मलाही डुलकी लागते.