मन ओळखणारा लोलक

सभागृहातल्या खुर्च्या संपल्या होत्या, पापी माणसं मात्र संपत नव्हती. एकेक जण व्यासपीठावर येई आणि दोऱ्याला बांधलेला काचेचा लोलक चिमटीत धरून आपल्याच तळहातावर लोंबता ठेवी. मनात वासना असेल तर लोलक गोल फिरे, नसेल तर स्थिर राही. बहुतेकांचा फिरत होता.

"मी हात लावला? नाही! फुंकर मारली? नाही!" लोलकमहाराज गरजले. "दोरा तुमच्या हातात, बोटं तुमची, घाणही तुमचीच! ज्याच्या मनात देव नाही, त्याच्या मनाला कुंपण नाही!"

टाळ्या पडल्या. ज्यांचा लोलक फिरला होता, त्यांनी जास्त जोरात वाजवल्या.

चष्म्याच्या दुकानातला कारागीर बायकोशेजारी बसून टाळ्या वाजवत होता. दुकानाचे मालक महाराजांचे भक्त होते आणि त्यांनी फर्मान काढलं होतं: पुढच्या रविवारी दुकानातल्या सगळ्यांची तपासणी, घरच्यांसमोर. "ज्याचा फिरेल त्यानं सोमवारी कामावर येऊ नये. आपल्याकडे लेकीसुना गिऱ्हाईक म्हणून येतात."

कारागिराचा फिरणार होता. लोलक सभागृहाच्या दारात विकत मिळत; एक घरी नेऊन, न्हाणीघराला कडी लावून त्याने खात्री करून घेतली होती. भाजीचा विचार केला की लोलक स्थिर. दुकानात डोळे तपासणाऱ्या मॅडमचा विचार केला की गरगर.

प्रत्यक्षात त्याने काहीही केलं नव्हतं. तपासणीची खोली अंधारी, म्हणून तो आत न जाता दारातूनच काच पुढे करी. काचा घासायचं यंत्रही त्याने तिच्या दाराकडे पाठ होईल असं फिरवून घेतलं होतं. कारण उजेडाचं सांगितलं होतं. त्या बाजूला उजेड कमीच होता.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी त्याला लोलकासकट पकडलं.

"काय दादा, उद्याचा सराव का?"

"तुमची थट्टा होते, मॅडम. माझी नोकरी जाईल."

"धरा बघू."

लोलक फिरला. चांगला बशीएवढा.

"माझ्याकडे माणसं तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात," त्या म्हणाल्या, "आणि दिसतात म्हणून शपथेवर सांगतात. खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटतं. म्हणून मी तक्ता बदलून बघते. इथे डोळे झाकून बघू." त्यांनी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. "मघाशी मनात होतं तेच आणा. मला सांगू नका."

कारागिराने तो विचार आयुष्यात पहिल्यांदाच ठरवून, मन लावून आणि शास्त्रासाठी केला. जिच्याबद्दल केला, ती हातभर अंतरावर डबा खात होती.

"आणलात?"

"आणला."

"नक्की?"

"नक्की हो!"

"हलत नाहीये."

त्याने पट्टी वर सरकवली. लोलक स्थिर होता. बघता बघता फिरू लागला.

"पाहिलंत? फिरेल असं वाटतं, डोळे त्याच्यावर असतात, म्हणून बोटं नकळत केसभर हलतात. दोरा ते मोठं करून दाखवतो. डोळे झाकले की बोटांना ताल सापडत नाही. लोलकाला तुमची भीती कळते, बाकी काही नाही." डब्याला झाकण लावत त्या म्हणाल्या, "पटत नसेल तर दिव्याच्या दांड्याला बांधा आणि हवं तेवढं पाप करा."

रविवारी व्यासपीठावर कारागिराने स्वतःच डोळ्यांवर पट्टी बांधली.

"हे काय?" महाराज चमकले. "डोळे झाकून देव दिसत नाही!"

"मग ध्यान कसं करतात?" मागून कोणीतरी विचारलं.

लोलक लोंबला. फिरला नाही.

"आमचा माणूस शुद्ध आहे," मालक समाधानाने म्हणाले.

इथे गप्प बसला असता तर नोकरी वाचली होती, घर वाचलं होतं, वर सत्कारही झाला असता. पण त्याच्यामागे दुकानातला गल्ल्यावरचा माणूस उभा होता आणि वाट बघता बघता तो पांढराफटक पडला होता.

"शुद्ध नाहीये," कारागीर म्हणाला. "माझ्या मनात परस्त्री आहे. या क्षणी आहे. याला का कळेना?" त्याने पट्टी सोडली. "आता महाराजांनी बांधावी."

महाराजांची एकाएकी मौनाची वेळ झाली. मालकांनी पट्टी मागून घेतली आणि लोलक धरून पाहिला. मग पट्टी काढून धरून पाहिला आणि घाईघाईने खिशात घातला.

"सोमवारी सगळेच या," ते म्हणाले.

घरी जाताना पहिल्याच वळणावर बायकोने विचारलं.

"कोण ती?"

"सांगितलं तर उद्या लोक तिलाच रांगेत उभं करतील. तिला यातलं काही माहीत नाही."

"आणि तिला काही बोलला नाहीत, ते महाराजांच्या भीतीनं?"

"महाराज गेल्या महिन्यात आले. मला हे दोन वर्षांपासून आहे."

"दोन वर्षं!" बायको भर रस्त्यात थांबली. एवढी अचूक माहिती तिने मागितली नव्हती. "मग हात कशानं आवरला?"

"तिला कामावर येणं नकोसं झालं असतं. आणि तुला कळलं नसतं तरी तुझ्यासमोर जेवायला बसताना माझा घास उतरला नसता."

ती पुन्हा चालू लागली. राग गेलेला नव्हता, पण ती त्याच्या शेजारून चालत होती.

"अहो, एवढं सगळं तुम्हाला आधीच ठाऊक होतं," ती म्हणाली, "तर मग त्या काचेच्या मण्याला कशाला विचारत बसला होतात?"

हे लोलक अजून कितीतरी घरांत आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी एकदा डोळे झाकून धरून पाहावेत, आणि मग डोळे उघडून स्वतःला हाच प्रश्न विचारावा.