दोघांच्या पाळीची कॉट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कॉट आहे. माझ्यावर झोपायला लोक नंबर लावतात, म्हणून मला फार भारी समजू नका. कामगारांच्या या खोलीत माणसे जास्त आणि कॉट कमी, एवढेच त्याचे कारण.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. ज्याने मला जोडले, तो स्वतः फरशीवर झोपायचा. मग ट्रकमध्ये उभी करून मला इथे आणले. इथे सगळे परमुलखातले. नियम सोपा आहे: एका कॉटवर दोघे, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. एक उठला की दुसऱ्याने पडायचे. कॉट रिकामी राहिली तर मालकाच्या पोटात दुखते. माणसाचे काय दुखते ते तो विचारत नाही.

माझा दिवसपाळीचा माणूस वेल्डर. दुसरा गोदामात माल उचलायची गाडी, फोर्कलिफ्ट, चालवायचा, रातपाळीला. आल्या दिवशी तो म्हणाला होता, "मी फक्त वर्षभरासाठी आलोय." तेव्हापासून सगळे त्याला पाहुणा म्हणतात. पाहुण्याचे केस पिकायला लागले तरी नाव तेच.

दोघांची भेट संध्याकाळी दारात व्हायची.

"पाहुण्या, गादी तापवून ठेवलीस ना?"

"भट्टी आहे भट्टी. पड जा."

दुसऱ्याची ऊब अंगाखाली घेऊन झोपायचे, ही इथली रीत. दोघांनाही मी सांभाळले. दमलेला माणूस अंग टाकताना "हाश्श" करतो ना, तेच माझे कौतुक.

मग पाहुण्याची झोप उडाली. दिवसभर तो कूस बदलायचा आणि मी कुरकुरायचे. रातपाळीचे बाकीचे वैतागायचे. "अरे, कुस्ती चाललीय का तिथं? झोपू दे की." त्याला लाज वाटली. त्याने माझ्यावर पडणेच सोडले. चादर ताणून ठेवायचा आणि माझ्या नि भिंतीच्या मधल्या फटीत फरशीवर बसून राहायचा, पायात बूट तसेच. बायकोचा फोन आला की हसून सांगायचा, "हो गं, मस्त झोप झाली." फोन ठेवला की हसू गेलेच.

संध्याकाळी वेल्डरला गादी गार लागू लागली. तो खूश. "पाहुणा लवकर उठून गादीला वारा लागू देतो, माझ्यासाठी," असे खोलीभर सांगत सुटला. "सख्खा भाऊ करणार नाही इतकं." मी सगळे बघत होते, पण लोखंडाला जीभ कुठे असते? त्या दिवसांचा मला अजून राग येतो.

पाहुण्याने मालकाच्या मुकादमाला सांगून पाहिले होते. "मन थाऱ्यावर नाही. छातीत सारखं धडधडतं."

"ताप आहे?"

"नाही."

"मग नाटकं कशाला? इथं मन लावायला आलायस का माल लावायला?"

माझ्या पायांना गंज चढला की हाच मुकादम रंगाचा डबा घेऊन धावत येतो.

एक दिवस वेल्डरच्या कामावरची वीज गेली आणि तो दुपारीच परतला. पाहुणा फटीत बसलेला, माझा पाय मुठीत घट्ट धरून.

"खाली काय करतोयस?"

"वर आवाज होतो."

"शेवटचा कधी झोपलास?"

"आठवत नाही रे. काल गाडीचे पुढचे सुळे एका माणसाच्या पोटाशी थांबले. तो शिव्या देत होता आणि मला वाटलं, त्याच्या जागी मी असतो आणि गाडी थांबली नसती, तर सुटलो असतो."

वेल्डर त्याच्या शेजारी खाली बसला. "सरळ विचारतो. जीव द्यायचं मनात येतं?"

पाहुण्याने माझ्या पायावरची मूठ सोडली. "येतं."

"बरं झालं बोललास. मी एक गाढव. रोज गार गादीवर लोळत होतो आणि तुझं गुणगान गात होतो."

"म्हणून तर बोललो नाही. तू इतका खूश होतास."

वेल्डरने त्याला तसाच हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, रातपाळी आणि गाडी दोन्ही बंद करायला सांगितले, एकट्याला सोडू नका म्हणाल्या.

परतले तेव्हा मुकादम दारात उभा. वेल्डरने दवाखान्याची चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. "रातपाळी सोडली की कॉट पण सोडायची. याच्या जागी दुसरा येतोय."

"येऊ दे. दिवसा झोपव त्याला," वेल्डर म्हणाला. "रात्रीची कॉट माझी आहे ना? ती मी पाहुण्याला दिली. मी फरशीवर."

"किती दिवस काढशील फरशीवर?"

"याला झोप लागेपर्यंत."

मग त्याने फोन लावून पाहुण्याच्या हातात दिला. "आता वहिनीला खरं सांग."

पाहुणा माझ्यावर बसला. "अगं," तो म्हणाला, "मला झोप येत नाहीये. बरेच दिवस." पलीकडे भांड्यांचा खडखडाट थांबला. मग आवाज आला, "कामं राहू देत माझी. तू बोल." तो बोलू लागला, अडखळत. वेल्डर त्याच्या शेजारी माझ्याच काठावर टेकला. एवढ्या वर्षांत या दोघांचे वजन माझ्यावर एकाच वेळी कधी पडले नव्हते.

तो बरा झाला, असे खोटे मी सांगणार नाही. कधी झोपतो, कधी नाही. दवाखान्यात जातो, वेल्डर सोबत असतो. मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी लांब कुठे राबत असेल, तर "मस्त आहे" एवढे ऐकून फोन ठेवू नका. पुन्हा विचारा. आणि माणसे कामाला लावणाऱ्यांनो, माझ्या पायांना लावायचा रंग राहू द्या. आधी माझ्यावर कोण झोपत नाही, ते येऊन बघा.