यंत्रामागच्या हिरव्या पुड्या

कंपनीनं यूचेनला घरी बसवलं त्याला वर्ष होत आलं होतं. आता तैवानच्या ताइचुंग शहरातल्याच दुसऱ्या कंपनीनं बोलावलं होतं, पण आधी हातानं काम करून दाखवायचं होतं. म्हणून सासूबाईंच्या न्याहारीच्या दुकानामागे, सोयाबीनच्या पोत्यांना खेटून, तिनं दोन जुने कॉम्प्युटर मांडले. स्टोरेजचं खरं महागडं यंत्र कुठून आणणार? त्याचं सगळं काम करणारं सॉफ्टवेअर तिनं दोन्हींत बसवलं. एकात लिहिलेलं दुसऱ्यात आपोआप उतरायचं. एक बंद पडला तरी माहिती शाबूत.

पण डावा कॉम्प्युटर सारखाच मान टाकायला लागला. पहिल्यांदा तिनं घाईघाईनं तो जोडला आणि त्यातल्या शिळ्या माहितीनं उजव्यातली ताजी माहिती पुसून टाकली. तिनं कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या वेळी मात्र आधी ताजी प्रत कुठली ते पाहिलं, मगच जोडला. असं इतक्यांदा करावं लागलं की हात बसला. पण तो बंद का पडतो, ते काही कळेना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं डाव्या यंत्रामागे हात घातला आणि चटका बसला. त्याच्या मागच्या पंख्याच्या जाळीला मक्याच्या कुरकुऱ्यांच्या हिरव्या पुड्या ठासून लावल्या होत्या. या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच ‘गुणी’; यंत्रानं गुणी बाळासारखं वागावं म्हणून तैवानात सगळेच त्याच्यावर एक हिरवी पुडी ठेवतात, कारण हिरवा दिवा म्हणजे यंत्र ठीक, पिवळा म्हणजे बिघाड. इथं तर दुकानच होतं.

"आई, हे काय?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"अगं, एक ठेवली तरी मेला बंद पडला. मग रोज एकेक वाढवली!"

"अहो, त्याचा श्वास कोंडला ना!"

"अगं बाई! मला वाटलं, हिरवीच आहे, पिवळी थोडीच आणलीय! आता गं? माझ्यामुळे तुझी नोकरी जायची!" सासूबाई रडकुंडीला आल्या. यूचेन मात्र हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत परीक्षकानं एका यंत्राची वायर सरळ उपटली. "पुन्हा चालू करा. माहिती गेली की परीक्षा संपली."

यूचेननं आधी ताजी प्रत पाहिली, मगच जोडलं. काही गेलं नाही.

"इथं सगळे घाई करतात. तुम्ही कुठं शिकलात?"

"सासूबाईंकडे."

तो हसला. तिनं मात्र गंमत केली नव्हती. वर्षभरात सासूबाईंनी नोकरीचं काय झालं, असं एकदाही विचारलं नव्हतं; नुसत्या गुपचूप पुड्या ठेवल्या होत्या.