सहा दिवसांची नोटीस

मी टॅमरॅक गावाचा शिक्का. शाईचा नव्हे, कागद जबड्यात धरून दाबणारा, बिडाचा. राज्याचं पत्र आलं त्या सकाळी मी नेहमीसारखा लोव्हिनाच्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी होतो. ती टेबल पुसत होती. पत्र वाचून तिनं घडी घातली आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. एक जुलैपासून टॅमरॅक हे गाव राहणार नव्हतं.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलात लाकडाची गिरणी जोरात होती, तेव्हा मला ओतून आणलं. मी चार कारकून पाहिले. लग्नं, जन्म, जमिनीच्या हद्दी, कुत्र्यांचे परवानेसुद्धा माझ्या ठशानं खरे झाले. हा जोर माझ्या लोखंडात आहे, असं मला वाटायचं.

गिरणी बंद पडली. माणसं गेली. आठ मतदार उरले. लोव्हिना तीस वर्षं गावची कारकून. तिच्यानंतर हे काम घ्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून मार्चच्या गावसभेत ठराव आला, की गाव मोडावं आणि कारभार राज्याकडे द्यावा. दोन तृतीयांश मतं हवी होती, म्हणजे सहा.

लोव्हिनानं ठरावाच्या बाजूचे हात मोजले, त्यात तिचा स्वतःचाही. "पाच. विरोधात?"

पहिला हात तिच्या नवऱ्याचा, एव्हरेटचा.

"एव्हरेट, आज घरी जेवण विसर!" शेजारचा मर्ल ओरडला.

"म्हणून तर इथं सभेच्या जेवणातच दोनदा बीन्स वाढून घेतल्या."

सगळे हसले. गाव वाचलं.

संध्याकाळी सभेचा वृत्तांत लिहिताना लोव्हिनाचा हात थांबला. सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी लागावी लागते. बर्फात गाडी निघाली नव्हती, म्हणून तिनं ती एक दिवस उशिरा लावली होती.

"अगं, आठच्या आठ जण आले होते," एव्हरेट म्हणाला. "कळायचं कोण राहिलं? लिही सात."

"सगळे आले म्हणून सहाचे सात होत नाहीत."

"कोण विचारणारे तुला?"

"मीच."

तिनं मला उचलून कागदापर्यंत नेलं आणि तसंच खाली ठेवलं. सभा रद्द झाली. दुसरी मे महिन्यात ठरली.

एप्रिलमध्ये लाकडं फोडता फोडता एव्हरेट अंगणातल्या ओंडक्यावर बसला, तो उठलाच नाही.

मेच्या सभेची नोटीस तिनं दहा दिवस आधी लावली. आता मतदार सात होते.

"पाच," ती म्हणाली. सातांत पाच पुरेसे होते.

मर्ल हळूच म्हणाला, "लोव्हिना, तू हात खाली घेतलास तरी कुणी काही म्हणणार नाही."

"मार्चमध्ये माझं मत हेच होतं, मर्ल. तो गेला म्हणून ते कसं बदलू?"

त्या ठरावावर तिनं मला दाबलं. दोन्ही हातांनी. तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं लोकांनी मानलं ते लोखंडाला नव्हतं. खोट्यावर मला न टेकवणारं कुणीतरी होतं, म्हणून माझा ठसा खरा होता.

आता जुलै चालू आहे. मी अजून पावाच्या डब्याशेजारीच आहे. ती एकाच माणसाचा पाव कापते. कधी माझ्यावरची धूळ पुसते. मला दाबलं तर ठसा उठेल, पण तो कशाचाच नसेल.

जूनमध्ये तिनं गावाच्या सगळ्या वह्या पुऱ्या करून राज्याकडे पाठवल्या. फक्त एव्हरेटच्या मृत्यूच्या नोंदीवर तिच्यानं मला दाबवलं नाही.