मधलं नाव काढून बघा

मावशींनी पत्र मॅडमच्या टेबलावर ठेवलं नाही, आपटलं. पेनांचा डबा कलंडला आणि दोन पेनं घरंगळत खाली गेली. ती कोणीच उचलली नाहीत.

"मी सही करणार नाही."

पाळणाघराच्या मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्यामुळे समोरच्याचा आपोआप चढायचा. "मावशी, आधी बसा तरी."

"बसलं की सही होते. सव्वीस वर्षांत एवढं कळलंय मला."

पत्र अर्ध्या पानाचं होतं. मंगळवारी संध्याकाळी एक मूल इमारतीत असताना ते घरी गेल्याची नोंद झाली आणि दाराला कुलूप लागलं. कारण: मानवी चूक. खाली मावशींचं नाव, सहीसाठी रेघ, आणि महिनाअखेरीपासून कामावर येऊ नये अशी सूचना.

ते मूल म्हणजे ठमी. चार वर्षांची. झोपायच्या खोलीत पडद्यामागच्या गादीवर ती पाय पोटाशी घेऊन झोपली होती. उठली तेव्हा दिवे बंद आणि हाकेला ओ देणारं कोणी नाही. चाळीस मिनिटांनी तिची आई धापा टाकत आली तेव्हा ठमी आतून दारावर चपलेने बडवत होती. दुसऱ्या दिवसापासून आईने तिला पाठवणं बंद केलं. काल मावशींनी फोन केला, तो तिने उचललाही नाही. मावशींना नोकरीपेक्षा ते जास्त लागलं होतं. त्या आईलाही मावशींनीच भरवलं होतं, तीन वर्षांची असल्यापासून.

"मी ठमीच्या नावाला हात लावला नाही," मावशी म्हणाल्या. "टिल्लूच्या नावावर बोट ठेवलं. हे बोट. माझं मला कळत नाही का?"

"मावशी, त्या वेळी दारात किती गर्दी होती..."

"गर्दी रोज असते!"

मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत प्रोग्रामर बसला होता. पाळणाघराचं अ‍ॅप त्याच्या कंपनीचं आणि त्यातली मुलांची यादी त्याने स्वतः लिहिलेली; मूल घरी गेलं की टॅबवर त्याच्या नावावर बोट ठेवायचं, म्हणजे ते यादीतून जायचं. वय पस्तिशीचं, डोक्यावरचे केस रजा घेऊ लागलेले, मांडीवर लॅपटॉप. त्याने घसा साफ केला.

"मावशी, राग मानू नका. पण नोंद खोटं बोलत नाही. चार बावन्न, सहाव्या सेकंदाला तुमच्या टॅबवरून गुंड्याचं नाव काढलं. सातव्या सेकंदाला ठमीचं. दोन्ही बोटं तुमचीच."

"आणि टिल्लूचं?"

"पाच वीसला."

"पाच वीसला?" मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, गुंड्याची आई आणि टिल्लूचे बाबा एकदम आले. दोन्ही पोरं माझ्या डोळ्यांदेखत हात धरून गेली. मी एक नाव दाबलं, लगेच दुसरं दाबलं. शेवटी बघते तर टिल्लू यादीत तसाच. म्हटलं, दाबलं गेलं नसेल. तेव्हा परत दाबलं. यादी रिकामी झाली, स्क्रीन हिरवी झाली. वाटलं, ठमीला मागच्या दाराने तिची आत्या घेऊन गेली असेल. तिथे दुसरा टॅब आहे, दुसरी बाई आहे. आता सांगा, टिल्लू घरी पोचल्यावर अर्ध्या तासाने मी त्याचं नाव का काढेन?"

प्रोग्रामरने नोंद पुन्हा वर-खाली करून पाहिली. मॅडम पत्रावर नजर लावून होत्या.

"मला दाखवा," मावशी म्हणाल्या. "इथे, माझ्यासमोर."

त्याने लॅपटॉप वळवला आणि पाच नावांची यादी मांडली. बंबू, छकुली, गुंड्या, टिल्लू, ठमी. मग त्याने ठमीवर क्लिक केलं. तिची ओळ उजवीकडे सुळकन सरकली आणि नाहीशी झाली. देखणं दिसत होतं. मॅडमना हीच हालचाल बघून अ‍ॅप आवडलं होतं.

"बघितलंत? व्यवस्थित आहे."

"मधलं नाव काढून बघा."

"मधलं काय, शेवटचं काय, एकच आहे हो."

"एकच आहे ना? मग काढा की! हात दुखतोय का?"

त्याने यादी पुन्हा भरली आणि गुंड्यावर क्लिक केलं. मावशी पुढे वाकल्या.

"थांबा. परत करा."

त्याने परत केलं.

"हात तिसऱ्यावर," मावशी एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "आणि बाहेर सरकली पाचवी ओळ. सरकली का नाही?"

"ते... ती फक्त हालचाल आहे. आतली यादी बरोबर आहे. गुंड्याच गेला."

"मग ठमीची ओळ का सरकली?"

त्याने गुंड्यावर तिसऱ्यांदा क्लिक केलं आणि स्क्रीनजवळ तोंड नेलं. मावशींनी त्याच्याकडे बघितलं. हा चेहरा त्यांना पाठ होता. गणित चुकलंय हे पोराला कळतं, पण कुठे ते सापडत नाही, तेव्हा पोरं अशीच दिसतात. एरवी त्यांना अशा पोराची दया येई. आज आली नाही. पण शिकवायची सवय रागापेक्षा जुनी होती.

"चला," त्या म्हणाल्या.

खेळायच्या खोलीत पोरांनी एकच गलका केला. दोघांनी मावशींच्या पायांना मिठी मारली. मावशींनी पाच बुटक्या खुर्च्या एका रांगेत लावल्या, पाच पोरं बसवली आणि प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाचं कार्ड दिलं. ठमी नव्हती, म्हणून पाचव्या खुर्चीवर ढब्बूला बसवलं.

"आता हे काका म्हणजे टॅबची स्क्रीन. काका, बोला. तुम्ही स्क्रीनला काय सांगता? हे सरकव, ते उचल, असं?"

"नाही. आम्ही फक्त सांगतो की आता यादी अशी आहे. आधी कशी होती आणि आता कशी आहे, यातला फरक स्क्रीन शोधते. मधली हालचाल ती स्वतःच काढते."

"आणि कोणतं पोर कोणतं, हे तिला कसं कळतं?"

"क्रमाने. म्हणजे पहिल्या जागेवरचं, दुसऱ्या जागेवरचं..."

"जागा मोजते. पोरं नाही मोजत." मावशींचा आवाज खाली आला, आणि तो जास्त भीतिदायक वाटला. "गुंड्या, ऊठ, घरी जा. दाराशी उभा राहा. हं काका, करा तुमच्या स्क्रीनसारखं. पाच होते, चार उरले. आता?"

प्रोग्रामर खुर्च्यांसमोर उभा राहिला. एक क्षण त्याने हात पुढे केला, मागे घेतला. मग हळूच त्याने चौथ्या खुर्चीवरच्या टिल्लूचं कार्ड काढून तिसऱ्या, रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. ढब्बूचं कार्ड काढून टिल्लूच्या हातात दिलं. आणि पाचवी खुर्ची ढब्बूखालून ओढायला लागला.

"ए! मी कुठे गेलोय? मी इथेच आहे ना!" ढब्बू खुर्चीला घट्ट धरून ओरडला. बाकीची पोरं खो खो हसली.

"आणि मी ढब्बू नाहीये," टिल्लू कार्ड दाखवत म्हणाला. "हे काका येडे आहेत का?"

"टिल्लू, असं बोलू नये," मावशी म्हणाल्या.

प्रोग्रामर ढब्बूच्या खुर्चीचा पाय तसाच धरून वाकून उभा होता. त्याला आता सगळं दिसलं होतं. तो हळूहळू बोलू लागला, जणू स्वतःलाच सांगत होता. "गुंड्याचं नाव काढलं की आतली यादी त्याच क्षणी बदलते. चौथ्या जागी ठमी येते. पण डोळ्यांना ते लगेच दिसत नाही. जुनं नाव विरघळत नवं उमटायला अर्धा सेकंद लागतो. तो अर्धा सेकंद मीच ठेवला होता. छान दिसतं म्हणून. त्या अर्ध्या सेकंदात वर टिल्लू दिसतोय आणि खाली ठमी आहे. तुम्ही टिल्लूला दाबलं. दाबली गेली ठमी."

छकुली कार्डाने वारा घेत होती.

"प्रत्येक नावाला त्याची स्वतःची ओळख द्यायची सोय आहे," तो पुढे म्हणाला. "कोडमध्ये एक शब्द लिहायचा असतो. मग ज्याची त्याचीच ओळ हलते, आणि हलत असताना बाकीच्या ओळींवर दाबता येणार नाही असंही करता येतं. मी नाही लिहिला. चालत होतं ना. मी तपासताना नेहमी शेवटचंच नाव काढून बघायचो."

"का?"

"जवळ असायचं. माउस तिथेच असायचा."

मावशींना वाटलं होतं, खरं कळलं की बरं वाटेल. उलट अंगाचा तिळपापड झाला. "तुमचा माउस तिथे होता," त्या म्हणाल्या, "म्हणून चार वर्षांची पोर अंधारात दार बडवत बसली. आणि वर मला नोंद दाखवता! नोंद खोटं बोलत नाही म्हणे! तुमच्या त्या गोडगोड सरकण्याचं काय? ते खोटं नव्हतं?"

"होतं," तो म्हणाला. खुर्ची त्याने जागेवर ठेवली.

मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ठीक आहे," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "आपण हे पत्र मागे घेऊ. दुरुस्ती होईल, मावशी कामावर राहतील. विषय इथेच संपवू. पालकांपर्यंत उगाच कशाला न्यायचं?"

"उगाच?" मावशी वळल्या. "तिच्या आईच्या लेखी मी पोर विसरून घरी गेलेली बाई आहे. फोन लावा. माझा ती उचलत नाही, तुमचा उचलेल."

"मावशी, कंपनीला विचारल्याशिवाय..."

"कंपनी इथे खाली वाकून खुर्च्या उचलते आहे. लावा!"

ऑफिसात येऊन मॅडमनी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. प्रोग्रामरने न सांगता तोंड उघडलं. त्याने सगळं सांगितलं. अर्धा सेकंद, जागा, शेवटचं नाव, काही गाळलं नाही.

"मावशी आहेत का तिथे?" शेवटी ठमीच्या आईचा आवाज आला.

"आहे गं, बाळा."

"बाळा नका म्हणू आत्ता." तिने मध्येच तोडलं. "टॅबने चुकीचं सांगितलं, मान्य. पण तुम्ही खोल्या का नाही बघितल्या? मी लहान होते तेव्हा कुलूप लावायच्या आधी तुम्ही प्रत्येक खोलीत जायचात. पडद्यामागे बघायचात. मला आठवतंय ना. मीच लपायचे तिथे."

मावशींच्या तोंडात उत्तर तयार होतं. चौघींचं काम दोघींवर, गुडघे, गर्दी, नवं अ‍ॅप आल्यावर मॅडमच म्हणाल्या होत्या की आता फेऱ्या मारायची गरज नाही. सगळं खरं होतं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या.

"नाही बघितल्या," मावशी म्हणाल्या. "हिरवी स्क्रीन दिसली आणि मी कुलूप लावलं."

"का?"

"सोपं होतं म्हणून."

"मला हे सगळं लिहून हवंय," ठमीची आई म्हणाली. "अ‍ॅपचं आणि तुमचंही. ते वाचते, मग ठमीला पाठवायचं की नाही ते बघते." फोन बंद झाला.

मॅडमनी नवा कागद समोर ओढला, खाली पडलेल्या पेनांपैकी एक उचललं आणि थांबल्या. "सुरुवात कशी करायची? कंपनीचं नाव घालायचं म्हणजे जरा..."

मावशींनी खुर्ची टेबलापाशी ओढली आणि पहिल्यांदाच बसल्या.

"आधी माझी चूक लिहा," त्या म्हणाल्या. "मी खोल्या बघितल्या नाहीत, असं स्पष्ट. त्याखाली करते सही. मग यांची लिहा, यांनाही सही करू दे. आणि मग फेऱ्या बंद करायला कोणी सांगितलं होतं, तेही लिहा, मॅडम. मी थांबलेय."