मागच्या भिंतीला टेकून ऐकलेला बँड

माझं तोंडच तसं आहे. आनंदात असलो तरी बघणाऱ्याला वाटतं, हा आता तक्रार करणार. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी लिफ्टमध्ये अडकल्यासारखा उभा आहे, असं बायको म्हणते. लिफ्ट दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्यामुळे तिला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

आठ वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीत कामाला गेलो होतो. मशीनची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि तिला लागूनच एक छोटा हॉल. दारावर कागद चिकटवलेला: आज दुपारी ‘अर्धा मजला’. लिफ्ट अर्ध्या मजल्यावर अडकली की लोक मलाच फोन करतात, म्हणून ते नाव वाचून मी हसलो आणि डोकावलो. आत तिघं जण पत्र्यावर दगड पडावेत तसे वाजवत होते. मी परत फिरणार, तेवढ्यात गाणारी मुलगी नुसत्या गिटारवर एक गाणं म्हणायला लागली. ते संपेपर्यंत मी हातात पाना धरून उभा होतो. काम एक तास उशिरा झालं. मालक चिडला आणि मी त्याच्यावर त्याहून चिडलो.

तेव्हापासून मला नाद लागला. ज्या बँडचं नाव त्यांच्या आयांनाही सांगता येणार नाही, असे बँड मी शोधून काढायला लागलो. कुठे गोदामात, कुठे पुस्तकांच्या दुकानात, समोर वीस माणसं. नवीन गाणं आलं की मोबाइल वाजायचा. मी असायचो लिफ्टच्या टपावर, अंधाऱ्या खड्ड्यात. ग्रीसचे हात पुसायचे, गाणं ऐकायचं, मग खाली ओरडून सांगायचं की चला, लिफ्ट सुरू करा. पण बाकीचे बँड अधूनमधून. ‘अर्धा मजला’चा कार्यक्रम मी एकही चुकवला नाही. आजपर्यंत छत्तीस.

माझी जागा ठरलेली, मागची भिंत. कामावरून तसाच जायचो. गणवेश, गळ्यात ओळखपत्र, वरच्या खिशात करंट मोजायचं मीटर. प्रत्येक गाणं संपलं की वहीत टिपून ठेवायचो: कुठलं वाजवलं, काय बदललं, कुठे चुकले. हातात वही-पेन, म्हणून टाळ्या नाहीत. शेजारी कोणी बोलायला लागलं की मी नुसतं बघायचो. तोंड देवाने दिलेलंच आहे, वेगळं काही करावं लागायचं नाही. बँडशी मात्र आठ वर्षांत एक शब्द बोललो नाही. जवळ जायचो आणि दातखीळ बसायची.

दुसऱ्याच कार्यक्रमापासून ते हळू वाजवायला लागले होते. ढोल बडवणारा तो ड्रमवाला आता बोटांनी दार वाजवावं तसं वाजवायचा. ‘पोरं सुधारली,’ असं मी वहीत लिहिलं.

तीन वर्षांपूर्वी बायकोच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. ती वाचली, पण आवाज सोसेना. चमचा पडला तरी डोकं धरून बसायची. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, हळूहळू सवय होईल. मी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. दारांना रबर लावलं, घंटी काढून टाकली. लेकीला, जावयाला, पाहुण्यांना, सगळ्यांना घरात शिरताना हाताची घडी, तोंडावर बोट. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ‘अर्धा मजला’चं नवं गाणं अगदी बारीक आवाजात लावलं होतं. ती आतून म्हणाली, “परत लावा.” चार महिन्यांत तिने आपणहून मागितलेली ती पहिली गोष्ट. मी भांडी तशीच टाकून तिच्याजवळ जाऊन बसलो. मग रोज संध्याकाळी अर्धा तास, ती आणि मी आणि ही तीन पोरं. कधी रडली, कधी तिथेच झोपली. त्या पोरांनी मला माझं माणूस परत दिलं, असं मी मानतो. त्यात जराही अतिशयोक्ती नाही.

या रविवारी त्यांचा नवीन अल्बम येणार होता. कार्यक्रम दुपारी चारला, त्याच जुन्या हॉलमध्ये. बायको म्हणाली, “मी येते. आणि आज तुम्ही त्यांना सांगायचंय. आठ वर्षं भिंतीला चिकटलात, आता तोंड उघडा.” तीन वर्षांत तिने असल्या ठिकाणी पाऊल टाकलं नव्हतं. कानात घालायला कापूस घेतला, स्कार्फ घेतला आणि तिला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. काही झालं तर पटकन बाहेर नेता यावं. मनातून मी घाबरलो होतो. पण ते हळूच वाजवतात, ही खात्री होती.

स्टेजच्या बाजूला तिघं तारा जोडत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

ड्रमवाल्याचा चेहरा पांढरा पडला. “साहेब, आज पण आवाज मर्यादेतच आहे. हा बघा, ड्रमवर टॉवेल टाकलाय.”

“कसली मर्यादा?”

“तुम्ही आवाज मोजायला येता ना?” गाणारी मुलगी म्हणाली. “पहिल्या कार्यक्रमाच्या आधीच आम्हाला सरावाच्या आवाजाची नोटीस आली होती. मग तुम्ही आलात. गणवेश, मीटर, वही. प्रत्येक गाण्यानंतर लिहायचात. आम्ही म्हटलं, मेलो.”

“अहो, मी लिफ्टवाला आहे!”

तिघं एकमेकांकडे बघून असे हसले की मुलगी खालीच बसली. “म्हणजे आठ वर्षं आम्ही तुम्हाला भिऊन...”

“चोराच्या मनात चांदणं,” ड्रमवाला डोळे पुसत म्हणाला. “सगळे म्हणतात, तुमची शैली किती हळुवार! शैली कसली, दंडाची भीती!”

मी हसलो नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मी भिंतीला उभा राहिलो म्हणून हे हळू वाजवायला लागले. हळू वाजवत होते म्हणून तिला ऐकता आलं. हे सगळं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर संयोजकाने हाक मारली आणि तिघं स्टेजवर पळाले. जाता जाता ड्रमवाल्याने टॉवेल भिरकावला. “आज सोडायचं नाही काका! आज आठ वर्षांचं वाजवतो!”

मी गर्दीतून ढकलत दाराकडे धावलो. पोचायच्या आत पहिला ठोका पडला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

“ऊठ, बाहेर चल,” मी तिच्या कानाशी म्हणालो. “नाहीतर थांब, त्यांना सांगून येतो.”

तिने माझी बाही धरली. “बसा. मला काही होत नाहीये.”

“काही होत नाहीये म्हणजे?”

“सहा-सात महिने झाले, काही होत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

ती स्टेजकडे बघत राहिली. गिटार-ड्रम थांबले, मुलगी एकटी गायला लागली, तेव्हा तिचं बोलणं नीट ऐकू आलं. “बरी झाले म्हटलं असतं, तर तुम्ही परत एकट्यानेच गाणी ऐकली असती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण माझ्याजवळ अर्धा तास बसायला लागलात ते या तीनच वर्षांत.”

खरंच होतं. पहिली पाच वर्षं हा नाद मी एकट्यानेच केला. एकदाही तिला चल म्हटलं नव्हतं. आभार मानायला मी हॉलभर फिरत होतो आणि आभार मानावेत ते माणूस दाराजवळ कापूस हातात घेऊन बसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तेवढ्यात ड्रम परत सुरू झाले. मी म्हणालो, “इथून पुढे एकटा येणार नाही.”

“काय?”

“एकटा येणार नाही!”

“ऐकू येत नाहीये!”

मी जन्मात ओरडलो नव्हतो तेवढ्या जोरात ओरडलो, “तुझ्याशिवाय कुठे जाणार नाही!”

आणि नेमकं तिथेच गाणं तुटून थांबतं. कितीतरी वेळा ऐकलेलं गाणं, तरी मी विसरलो. सगळा हॉल वळून माझ्याकडे बघत होता.

मुलगी माइकवर म्हणाली, “काका, या काकू का?”

मी मान हलवली. आता कसली दातखीळ? “हिला आवाज सोसत नव्हता. तीन वर्षं आमच्या घरात फक्त तुमचीच गाणी वाजली. म्हणून ती आज इथे आहे. एवढंच सांगायचं होतं मघाशी.”

ड्रमवाल्याने काठ्या सावकाश मांडीवर ठेवल्या.

बायको उभी राहिली. “अरे, थांबलात काय?” ती म्हणाली. “वाजवा की. जोरात वाजवा.”